दोन किलोचा घाणा

खामगाव,
१९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
ओवीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आमच्या क्लासमध्ये टपालानं पत्र येणारी मी एकटीच, त्यामुळे पोस्टमनकाका मला नावानं ओळखतात. मोबाइल मी आपणहून बाबांच्या स्वाधीन केला खरा, पण आता त्याची फार आठवण येते. हे त्यांना कळवू नकोस. रविवारी घरमालकीण गोजरबाईंच्या फोनवर त्यांच्याशी बोलणं होतं. बाई शेजारीच उभ्या असतात, म्हणून मी सांगते, सगळं छान. बाबा म्हणतात, शाब्बास.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची ही माझी तिसरी खेप. खोलीतली संजीवनी कंटाळून घरी गेली, तिच्या पलंगावर आता माझी पुस्तकं झोपतात. तिसऱ्या खेपेच्या मुलांच्या चाचण्या दिवाळीतही चालू राहणार आहेत. बाबांनी विचारलं तेव्हा मीच म्हटलं, मी नाही येत यंदा. ते लगेच बरं म्हणाले.

एक गंमत. क्लासच्या कपाटात एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात लिहिलंय, परीक्षेचा ताण आला की घरी प्रेट्झेल भाजा. हा जर्मन लोकांचा मऊ पाव. भिजवून फुगवलेल्या मैद्याची लांब दोरी वळायची, तिची गाठ मारायची, सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, वर खडे मीठ पेरून भाजायची. मैत्रिणींना बोलावून करा असंही लिहिलंय, तेवढं मी गाळणार आहे.

लोभ आहेच, या महिन्यात थोडा जास्त धाड.
तुझी,
ओवी

संग्रामपूर,
२४ सप्टेंबर २०२५

चि. ओवीस,
अ. उ. आशीर्वाद.

तेहेतीस वर्षं मास्तरीण होते, पण पावाला गाठ मारायचा अभ्यासक्रम काही ऐकला नव्हता. साधी पोळी लाटलीस की तिचा नकाशा होतो, आणि निघालीस जर्मनीला! जरूर कर. पीठ तिंबताना डोकं रिकामं होतं, हे मी अनुभवानं सांगते.

ओव्हन कुठून आणशील? दिवाळीच्या तोंडावर खामगावच्या बाया आपापला मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणतात. तूही तिथंच जा. गोजरबाईंना विचार, त्यांना ठाऊक असेल.

माझं म्हणशील तर उत्तम चाललंय. दिवस कसा जातो ते कळत नाही. तुझ्या बाबांचा, भालचंद्राचा, परवा फोन होता. पोरगी अगदी रमली म्हणत होता.

पत्राला उशीर झाला तरी मायेला होत नाही, हे लक्षात असू दे.
तुझी,
स्नेहलताआत्या

खामगाव,
४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
ओवीचा सा. न. वि. वि.

हे पत्र डब्यासोबत एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. डबा एवढा मोठा का, ते आधी सांगते.

मला सहाच प्रेट्झेल करायचे होते. पण बेकरीवाले संघपालकाका म्हणाले, दोन किलोच्या खाली घाणा लावत नाही, भट्टी काय एका पोरीसाठी पेटवू? मग गोजरबाईंच्या परातीत दोन किलो मैदा भिजवला. यीस्ट काकांनीच दिलं. पहाटेपासून मळत, वळत होते. तेवढा वेळ परीक्षा, मार्क, काही आठवलं नाही. दोऱ्या आधी तुटायच्या, मग जमायला लागल्या. मी चक्क गुणगुणत होते, आत्या.

भट्टीवर बायांची रांग. मी पाव उकळत्या पाण्यात सोडलेले पाहून एकीनं विचारलं, हे भाजाच्या आधी शिजवून काऊन राह्यली? दुसरीनं स्वतःची गरम नानकटाई हातावर ठेवली. पहिली निघालेली मागच्या नंबराला द्यायची, अशी तिथली रीत. मीही माझा पहिला प्रेट्झेल मागच्या बाईंना दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि पिशवीत टाकला.

काका प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी लावतात आणि डबे भरताना घरात माणसं किती ते विचारतात. मला विचारलं तर मी म्हटलं, सहा. का म्हटलं कोण जाणे. सगळ्या बायांनी चार-पाच सांगितली होती.

तीस झाले, आत्या. रंग असा सुरेख तांबूस आला! गोजरबाईंना दोन दिले. बाकी क्लासला नेले. चाचणी होती, जो तो उत्तरं ताडून पाहत होता. मी डबा उघडून बाकावर ठेवला. शेजारच्या मुलीनं तिची वही ठेवायला तो सरकवला. संध्याकाळी होता तसा घरी आणला. दोन वर्षं झाली मला या गावात, आणि सत्तावीस पाव द्यायला एक घर नाही. खोलीवर येऊन खूप रडले. मला घरी जायचं आहे. बाबांना तू सांग ना. माझ्यानं होत नाही.

लोभ ठेव, रागावू नकोस.
तुझी,
ओवी

संग्रामपूर,
५ ऑक्टोबर २०२५

चि. ओवीस,
अ. उ. आशीर्वाद.

डबा पोचला. पाव जरा चिवट झालेत, चहात बुडवले की छान लागतात. डबा आणून देणाऱ्या सहदेव रिक्षावाल्याला बसवून घेतलं, दोन खाऊ घातले. त्याला जायची घाई होती, तरी बसवलं.

तू सहा म्हणालीस. चिखलीला तू, भालचंद्र आणि रेवतीवहिनी मिळून तीन. मला धरलं तर चार. आणखी दोन कुठून आणलीस, पोरी? ती ओळ वाचून मला पुढे वाचवेना.

आता खरं लिहिते. दिवस कसा जातो कळत नाही, हे मी तुला खोटं लिहिलं. चांगला कळतो. शेजारच्या रुक्मिणीबाई चैत्रात मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हापासून दुपारी माझ्या दाराची कडी वाजलेली नाही. सहदेव आला तेवढाच.

तुझ्या वयाची असताना मी अमरावतीला डी.एड.च्या वसतिगृहात होते. तुझ्या आजोबांना, अण्णांना, दर आठवड्याला लिहायची, मी मजेत आहे. ते विश्वास ठेवत गेले आणि मी त्यांच्यावर मनातून चिडत गेले, की यांना कसं कळत नाही. मी लिहिलंच नव्हतं तर कळणार कुठून? अण्णा गेले, माझी चिडचिड तशीच राहिली. म्हणून भालचंद्राला मी काही सांगणार नाही. तूच लिही. चार ओळी पुरे. घरी नको, कचेरीच्या पत्त्यावर टाक, तिथं तो टपाल नीट वाचतो.

इथली माया मोजून वापरायची नसते, हवी तितकी घे.
तुझी,
आत्या

चिखली,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल कचेरीत मिळालं. चार ओळींचं आहे, पण मी ते दिवसभर वाचत होतो. दिवाळीला घरी यायचंय म्हणतेस, ये. पुढे परीक्षा द्यायची की नाही ते ठाऊक नाही म्हणतेस, ते आपण बसून बोलू. घाई नाही. मी रागावलेलो नाही.

मला एक कबूल करायचं आहे. तुझ्या आईलाही हे ठाऊक नाही. गेल्या वर्षापासून महिन्यातल्या एका शनिवारी मी खामगावला येतो. घरी सांगतो, मित्राकडे जातो. तुझ्या क्लाससमोर पलीकडे चहाची टपरी आहे, तिथं बसतो. पाच वाजता क्लास सुटतो. बाकीच्या मुली घोळक्यानं निघतात. तू शेवटी, एकटी, मान खाली घालून. अभ्यासात खंड नको म्हणून मी कधी हाक मारली नाही. तू वळणापलीकडे गेलीस की एसटी धरायची आणि घरी येऊन सांगायचं, पोरगी अगदी एकाग्र झाली आहे. असं चौदा वेळा झालं. तुला एकटी चालताना पाहून मला बरं वाटायचं, ओवी. याची मला आता फार लाज वाटते.

येत्या शनिवारी पाच वाजता मी तिथंच असेन. या वेळी रस्ता ओलांडून येईन.

तुझा,
बाबा