कमळजा अजून तळघरातच

पिपरी मेघे, वर्धा

प्रिय बाई,

सुलोचनाचा नमस्कार. हे पत्र आपल्या शेजारच्या ज्योत्स्नाच्या हाती देते आहे. ती ते तुमच्या सुनेला देईल आणि वर्षाली तुम्हाला वाचून दाखवेल. वर्षाली, बाळा, तुझे सासरे शेतावर गेले की मगच हे उघड. आणि वाचताना घाई करू नकोस. तुझ्या सासूबाईंना भराभर वाचलेलं चालत नाही. अक्षरओळख नसली तरी वाचणाऱ्याने कुठे ओळ गाळली ते त्यांना बरोबर कळतं. मी एकदोनदा करून पाहिलं आहे आणि बोलणी खाल्ली आहेत.

बाई, तुम्ही माझ्यावर रागावला आहात हे मला ठाऊक आहे. सेलूच्या लग्नात तुम्ही पंगतीतून उठून माझ्याकडे आलात, आणि मी नुसते हात जोडले आणि बाजूला झाले. नंतर तुम्ही ज्योत्स्नाला म्हणालात, "सुली शहरातली झाली आता. तिले माह्यासंग बोलाले जड जाते." तिने ते मला जसंच्या तसं सांगितलं. दिवाळीत वर्षालीच्या मोबाइलवरून तुम्ही फोन केलात, तोही मी उचलला नाही, माझ्या धनंजयने उचलला. त्यामुळे तुम्हाला तसं वाटलं तर नवल नाही. पण तसं नाही, बाई. एका घरात इतकी वर्षं जावा म्हणून नांदलेल्या माणसाबद्दल तुम्ही एवढं तरी ओळखायला हवं होतं, असं वाटून मीही जरा रागावले होते. आता राग नाही.

मला तुमच्याशी आपल्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. घोड्याचं पुस्तक. तुमच्या आदेशचा नवस फेडायला गिरडला गेलो होतो, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तुम्हीच ते उचललं होतं. कव्हर फाटलेलं, सुरुवातीची पानं गेलेली, नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. मधल्या एका चित्रात घोडा होता, तेवढ्यावर तुम्ही ते घेतलंत. म्हणालात, "घोडा हाये म्हंजे सरदार असन, अन् सरदार हाये म्हंजे कोनाचं तरी मन त्याच्यावर असनच." तुमचा हा हिशेब एकाही कादंबरीत चुकला नाही. सेलूच्या ग्रंथालयातून धनंजय पिशवी भरून आणायचा, त्यातही तुम्ही आधी चित्रात घोडा आहे का ते बघायच्या.

काय दिवस होते ते. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असायचा आणि आपण दोघी त्या ढिगावर बसायचो. मी वाचायची आणि तुम्ही कापसातली वाळकी पानं निवडायच्या. अंगाला खाज सुटायची, पण उठवत नसे. किल्ल्याच्या बुरुजावर मशाली पेटल्या की तुमचे हात थांबायचे. आंबराईत भवानजी सरदार कमळजाचा हात हातात घेतो तो भाग आला, तेव्हा तुम्ही तोंडावर पदर ओढून घेतला होता आणि आतून म्हणाल्या होत्या, "वाच तू, वाच. मी कुठं ऐकून राह्यली?" मी मुद्दाम ते पान परत वाचलं, तरी तुम्ही टोकलं नाहीत. दुसऱ्या दिवशी वावरात वेचणाऱ्या बायकांना तुम्ही तेच सगळं आपल्या बोलीत सांगत होता. तुमच्या सांगण्यात सरदाराचा घोडा कुटार खायचा आणि कमळजा त्याला विचारायची, "काऊन जी, मले टाकून मोहिमेवर गेलते?" बायका कापूस वेचता वेचता डोळे पुसायच्या. लिहिणाऱ्याने ते ऐकलं असतं तर पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं असतं.

लोक हसायचे आपल्याला. मधुकरभाऊजींना वाटायचं, हा सगळा रिकामपणाचा उद्योग. पण मी तुम्हाला खरं सांगते, लग्न होऊन हिंगणीला आले तेव्हा मला त्या घरात करमत नव्हतं. बोर धरणाकडच्या जंगलातून रात्री डुकरं यायची म्हणून पुरुष जागलीवर, आणि घरात कोणी कोणाशी चार शब्द बोलत नसे. प्रेम म्हणून एखादी गोष्ट असते, ती मोठ्याने बोलता येते, तिच्यासाठी माणसं किल्ले चढतात, हे मला त्या पुस्तकांनी सांगितलं. आणि ते ऐकायला समोर तुम्ही होतात. माझा संसार त्यावर चालला, असं म्हणाले तरी खोटं होणार नाही.

तुमचा एक नियम होता. वाचन वाईट जागी थांबवायचं नाही. कोणी कैदेत असेल, कोणी जखमी असेल, तर पुस्तक मिटायचं नाही. पुढे कुठे दिवा लागेल, कोणाची सुटका होईल, अगदीच काही नाही तर कोणी पोटभर जेवेल, तिथवर वाचत जायचं. त्या नियमापायी किती वेळा डाळ करपली आणि किती वेळा आपण दोघींनी बोलणी खाल्ली. मी म्हणायची, बाई, ही तर गोष्ट आहे. तुम्ही म्हणायच्या, "असू दे गोष्ट. आपल्या घरात बसून आपन कोनाले अंधारात सोडून नाई उठाचं."

आणि मग तो दिवस आला. किल्लेदाराने पोटच्या पोरीला, कमळजाला, तळघरात कोंडलं, कारण तिचं मन शत्रूच्या सरदारावर जडलं होतं. मी पान उलटलं, तर तिकडे घाटात भवानजी पडला होता. आणखी एक पान उलटलं, तर तळघराला बाहेरून चुना लावून दार बुजवायचा हुकूम झाला. तुम्ही म्हणालात, "पुढं, पुढं." तेवढ्यात अंगणातून भाऊजींचा आवाज चढला आणि त्याच्यावर यांचा चढला. दोन वावरांमधल्या धुऱ्याचा दगड कोणी सरकवला, हा वाद. मोजणीवाले आले होते आणि निघून गेले होते, पण दोघा भावांचं मिटलं नव्हतं. एकाने काठी उचलली. आपण दोघी धावत बाहेर गेलो. पुस्तक कापसावर उघडंच राहिलं.

त्यानंतरचं तुम्हाला सांगायला नको. अंगणात भिंत उभी राहिली, आम्ही जमीन ठेक्याने देऊन इकडे धनंजयजवळ राहायला आलो. निघताना तुम्ही ते पुस्तक माझ्या पिशवीत कोंबलंत आणि कानाशी येऊन म्हणालात, "वाईट जागी थांबलं, म्हनून झालं हे." मी तेव्हा तुम्हाला समजावलं होतं की असं काही नसतं. पण इथे आल्यावर माझ्याही मनातून ते जाईना. किती वेळा पुस्तक हातात घेतलं. एकटीने वाचावं, कमळजा सुटली की नाही ते बघावं, आणि तुम्हाला निरोप धाडावा. पण आपलं ठरलं होतं, एकटीने पुढे जायचं नाही. मी शेवटचं पानसुद्धा पाहिलेलं नाही, बाई. तुमची शपथ.

इथे वेळ जाता जात नाही. घर चांगलं आहे, पाणी नळाला येतं, पण समोरच्या बाईचं नाव काय हे मला अजून माहीत नाही. धनंजयने मोबाइलमध्ये कादंबऱ्या ऐकायची सोय करून दिली. कानात घालून बसले एकदा. बाईचा आवाज गोड होता, शब्द स्पष्ट होते. पण ती थांबेचना. राजकन्येचा बाप मेला तिथेही नाही आणि तिला पत्र आलं तिथेही नाही. आपण सुस्कारा टाकेपर्यंत ती पुढच्या लढाईत पोचलेली. मी ते काढून ठेवलं. वाचणं म्हणजे समोर कोणीतरी "मंग?" म्हणणारं लागतं, हे आता या वयात कळलं.

वर्षाली, आता इथे थोडी थांब. बाईंना चहा करून दे, तूही घे, आणि मग पुढचं वाच. रडू आलं तरी वाच.

बाई, मी फोन उचलला नाही, कारण मला बोलता येत नव्हतं. लग्नातही घशातून नुसती हवा येत होती, आणि त्या बँडच्या गोंगाटात तुम्हाला खुणांनी काय सांगणार होते? आधी वाटलं, आवाज सर्दीने बसला आहे. मग काढे झाले, गोळ्या झाल्या, शेवटी मोठ्या दवाखान्यात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती चांगली नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही. धनंजय रडला. यांनी संध्याकाळी पत्राचं पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "वहिनीले कळव." धुऱ्याच्या भांडणानंतर यांच्या तोंडून 'वहिनी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सकाळी चहा झाल्यावर माझा आवाज थोडा वेळ निघतो. घोगरा आहे, मधेच तुटतो, पण निघतो. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं आहे, म्हणून मी तो कोणावर खर्च करत नाही. तुम्ही रविवारी या. आदेशबरोबर पहिल्या एस.टी.ने या. भाऊजींना सांगा किंवा सांगू नका, पण या. आपण दार लावून बसू आणि मी कमळजाच्या तळघरापासून वाचायला घेईन. मला मरणाची नाही, त्या शेवटाची भीती वाटते, कारण पानं थोडीच उरली आहेत आणि ती सुटेलच असं काही पुस्तकाने कबूल केलेलं नाही. शेवट वाईट निघाला, तर मी तिथे थांबणार नाही, बाई. पुस्तक उलटं फिरवून पहिल्यापासून वाचायला लागेन, आणि माझा आवाज संपायचा तिथे संपेल. फक्त तोवर आपण आंबराईपर्यंत तरी पोचलेल्या असू.

तुमचीच,
सुलोचना