पाठ फिरवून ठेवलेली खुर्ची

पप्पा, तुमच्या त्या तिन्ही रेकॉर्ड्स आता माझ्याकडे जर्मनीत, एर्लांगेनला आहेत. मागच्या वेळी चिंचवडला आले तेव्हा आईने त्या माळ्यावरून काढून दिल्या. म्हणाली, "घेऊन जा बाई. इथे वाजवायला काही नाही आणि रद्दीत द्यायला हात होत नाही." दोन साड्यांच्या मध्ये ठेवून मी त्या आणल्या. ज्या गावातून तुम्ही त्या विकत घेऊन गेला होतात त्याच गावात त्या परत आल्या, आणि कस्टमच्या माणसाने बॅग उघडलीसुद्धा नाही. तुमच्याबरोबर ट्रेनिंगला आलेले बाकीचे इंजिनियर परत जाताना मिक्सर, कॅमेरे, सुऱ्यांचे सेट घेऊन गेले. तुम्ही एका स्वीडिश गटाची गाणी नेलीत. दोन बायका आणि दोन पुरुष. आई कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायची, "सगळ्यांच्या नवऱ्यांनी मिक्सर आणले. आमच्या ह्यांनी दोन सवती आणल्या, त्याही गोऱ्या."

त्यांच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्ड्स त्या. पहिलीच्या वेळी गटाला धड नावही ठरलेलं नव्हतं, चौघांची नावंच एकापुढे एक छापायचे. पुढे ते जगभर गाजले, चकचकीत कपडे आले, आणि कॉलनीतल्या पोरांकडेही त्यांच्या कॅसेट्स आल्या. तुम्हांला त्यातलं काही नको होतं. "पुढे पुढे सगळं पॉलिश केलंय," तुम्ही म्हणायचात, "या पहिल्या तिनांत अजून कानस मारल्याच्या खुणा दिसतात." रविवारी जेवणं झाली की तुम्ही वेताची खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवायचात आणि मला पुढ्यात जमिनीवर बसवायचात. तिथे मी शिकले की एक बाई वरच्या पट्टीत गाते आणि दुसरी जरा खाली. दोघी एकाच ओळीवर एकत्र आल्या की त्यांच्या डोक्यावर कुठेतरी तिसरी गायला लागते, जी कव्हरवर नाही. "ऐकलीस का?" तुम्ही बोट वर करून विचारायचात. मला पहिल्यांदा ती ऐकू आली तेव्हा मी घाबरून तुमच्या पायाला धरलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण एक सायकल. ऑक्टोबरात एका सकाळी नदीकाठच्या रस्त्याने ऑफिसला जात होते, धुकं होतं, आणि डाव्या बाजूने एक माणूस मला घासून पुढे गेला. पुढे जाऊन थांबला आणि ओरडला, की तीनदा घंटी वाजवली, बहिरी आहेस का? मी सवयीने माफी मागितली. या गावात सायकलची घंटी हा एकच आवाज लोक गांभीर्याने घेतात, आणि तो मला आलाच नव्हता. धुक्यामुळे असेल, असं मी ठरवलं. त्याच आठवड्यात फ्लोमार्क्टवर, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, एक जुना रेकॉर्ड प्लेअर मिळाला, स्पीकरसकट. लेक म्हणाली, "ममा, दास इस्त या आंटीक." म्हणजे ही तर पुराणवस्तू. रविवारी दुपारी मी तुमची दुसरी रेकॉर्ड लावली. डावा स्पीकर मंद होता.

तुम्ही हसाल, पण मला बरं वाटलं. मी गेली पंचवीस वर्षं इथल्या कंपन्यांसाठी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते आहे, बहुतेक दवाखान्यातली यंत्रं, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तेच प्रकरण असतं : आवाज येत नसेल तर काय तपासावं. आधी प्लग, मग वायर, मग जोडणी. हा क्रम मला कुठल्या कॉलेजात शिकवला नाही. तो तुमचा आहे. एकदा तुमचा डावा स्पीकर मंद झाला होता तेव्हा मी मदत म्हणून बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवलं, आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. तुम्ही मला कधी मारलं नव्हतं. "फॉल्ट सापडायच्या आधी नॉब फिरवायचा नाही. फॉल्ट मरत नाही त्याने, लपून बसतो." मग तुम्ही स्पीकर उघडलात. पुढच्या रविवारी वायर बदललीत. त्याच्या पुढच्या रविवारी दोन्ही स्पीकरची जागा बदललीत, तरी मंद तो डावाच, म्हणून अँप्लिफायर उघडलात. पुण्याहून नवी सुई आणलीत. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अहो, त्या बायांना जरा विश्रांती द्या. घसा बसला असेल डावीकडचीचा." तुम्ही हसत नव्हतात. वायरींना डाग देताना तुमची मान एका बाजूला झुकलेली असायची, आणि मला वाटायचं, इंजिनियर असेच उभे राहतात.

मीही तसंच केलं, त्याच क्रमाने. वायर बदलली. स्पीकरची अदलाबदल केली. तरी डावाच मंद. शुक्रवारी बॉनहून नवरा आला, त्याने ऐकून सांगितलं की दोन्ही सारखे आहेत, मी म्हटलं तुला कळत नाही. तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्या घराण्यात कळायला इंजिनियरचीच मुलगी लागते." रविवारी तो परत गेल्यावर मी एकटीच होते. तिसरी रेकॉर्ड चालू होती, ती तिसरी बाई कुठे ऐकू येते का म्हणून मी वाट बघत होते, आणि काय वाटलं कोण जाणे, मी उठले आणि खुर्ची उलटी फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसले. आता उजवा स्पीकर मंद झाला. जो हात न लावता चांगला होता, तो. बिघाड माझ्याबरोबर फिरला होता.

आणि पप्पा, तेव्हा मला तुमची पाठ दिसली. पाठ नव्हे, चेहरा, कारण मी लहान आहे, स्वयंपाकघराच्या दारात आहे आणि तुम्ही स्पीकरकडे पाठ करून दाराकडे तोंड केलेलं आहे. वेताची खुर्ची उलटी आहे. गाणं चालू आहे. तुमचे डोळे उघडे आहेत आणि ते माझ्याकडे बघत नाहीत. आई माझ्या मागून डोकावते. "हे काय? गाण्यांवर रुसलात होय? पाठ फिरवून बसलाय तो?" तुम्ही म्हणता, "ऐकतोय." मग उठून सुई उचलता, रेकॉर्ड पाकिटात घालता, आणि मी विचारते, "सापडला फॉल्ट?" तुम्ही म्हणता, "दोन्ही ठीक आहेत." त्यानंतर घरात ती गाणी वाजली नाहीत. मला वाटलं दुरुस्ती झाली आणि तुमचा रस संपला. तुम्हांला फॉल्ट सापडला होता. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत.

नंतरचं सगळं आता वेगळं दिसतं. कारखान्याच्या वार्षिक दिवशी घरच्यांना आत सोडायचे. तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचात आणि मूठ माझ्या कानाशी धरायचात. "काय ऐकू येतं?" "कुणीतरी साखर चावतंय." तुम्ही सगळ्या शिफ्टला ओरडून सांगितलंत, "ऐका, पोरीने बेअरिंग पकडलं!" तेव्हा तुम्ही स्वतः डाव्या कानाने ऐकायचात. शेवटच्या वर्षी उजव्याने ऐकत होतात, अवघडून, उलटं वाकून. जेवताना तुम्ही आईची जागा घेतलीत, डावा कान भिंतीकडे येईल अशी. संध्याकाळी वीज गेली की भिंतीला हात लावून चालायचात. मग कारखान्यातली ती लोखंडी शिडी, जिच्यावरून तुम्ही पडलात आणि घरी परत आला नाहीत. पायरीवर तेल होतं असं सगळ्यांनी मान्य केलं, आम्हीही केलं. तुमच्यासारखा माणूस, जो दुसऱ्याच्या बुटाचे तळवे तपासायचा, तो तेलावर पाय देईल का, हे कुणी विचारलं नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी मला खोलीत बसवून आवाज ऐकवले, मग मोठ्या यंत्रात घालायला पाठवलं. त्या यंत्राच्या एका जुन्या मॉडेलचं पुस्तक मीच लिहिलेलं आहे. 'रुग्णाला धडधडण्याचा आवाज येईल, हे सामान्य आहे,' हे माझं वाक्य. परवा बाईंनी पडद्यावर दाखवलं. डाव्या कानाच्या नसेवर वाटाण्याएवढी गाठ आहे. ती जीवघेण्या जातीची नाही, पण वाढते, आणि वाढताना आधी ऐकणं नेते आणि मग तोल. "आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या म्हणाल्या, आणि पेनचं टोक उजवीकडे नेलं. तिथेही काहीतरी आहे, अगदी बारीक. "एका बाजूला असती तर मी म्हटलं असतं, नशीब. दोन्ही बाजूंना असेल तर ती बहुधा घरातून येते. आई, वडील, कुणाला ऐकू कमी येत होतं?" मी म्हटलं, "वडिलांचा एक स्पीकर खराब होता." त्यांनी तेच लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हांला मुलगी आहे ना?"

आईला फोन केला. विचारलं, "पप्पा कोणत्या कुशीवर झोपायचे?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांग ना."

"उजव्या. कान उशीत दाबून. म्हणायचे, असं झोपलं की कारखाना बंद पडतो. मी काही बोलले तर उत्तर नाही. मला वाटायचं, रागावलेत. किती वर्षं मी विचार करत होते बाई, की माझं काय चुकलं." मग तीच विचारू लागली. "का विचारतेयस? तुझा आवाज असा का येतोय?"

मी म्हटलं, "फोनचा प्रॉब्लेम आहे."

बघा, मला किती पटकन जमलं.

डॉक्टरबाईंनी लेकीला गुरुवारी तपासणीला बोलावलं आहे. ती पंधराची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. कपाळ तुमचं आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी तिला सांगितलंय की शाळेतल्या मुलांची तपासतात तशी साधी तपासणी आहे. नवऱ्यालाही तेवढंच सांगितलंय, बाकीचं तो आला की सांगेन असं ठरवलंय, आणि तो उद्या येतो आहे. माझ्या धंद्यात मी आजवर एकही डेडलाइन चुकवलेली नाही. गुरुवारही चुकवणार नाही. पण आज दुपारी मला धीर धरवला नाही. मी रेकॉर्ड लावली आणि बॅलन्सचं बटण, तुमची चापट आठवत असताना, पार डावीकडे फिरवलं. उजवा स्पीकर पूर्ण मुका. मग तिला हाक मारली आणि मधल्या खुर्चीत बसवलं.

"कसं वाटतंय?"

"आल्ट," ती म्हणाली. म्हणजे जुनं.

"गाणं नाही गं. स्पीकर. नीट ऐक."

तिने ऐकलं. त्या दोघी एका ओळीवर एकत्र आल्या, डावीकडूनच, आणि लेकीने मान किंचित कलती केली. ती कुठल्या बाजूला झुकली ते मी नीट पाहिलं आणि तरी सांगता येत नाही, कारण ती फोन बघायलाही तशीच झुकते.

"पास्ट शोन, ममा," ती म्हणाली. "बायडे." ठीक आहेत. दोन्ही.

ती उठून गेली. तिला घाई असेल. पंधरा वर्षांच्या पोरी आईच्या जुन्या यंत्रांबद्दल काहीही सांगतात. मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा समजावते आहे. तुम्हीही तोच शब्द वापरला होतात, पप्पा, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून जेवायला बसलो होतो. तुमच्यावर राग धरावा असं वाटतं, की तेव्हा एका डॉक्टरकडे गेला असतात तर आज मला बाईंना नीट उत्तर देता आलं असतं. पण मग मी तुमचा तो चेहरा बघते, उलट्या खुर्चीतला, आणि मला दिसतं की तुम्ही दाराकडे बघत होतात. दारात मी उभी होते. तुमचा फॉल्ट शोधण्याचा क्रम तुम्हांला पाठ होता. पुढची जोडणी कोणती, हे तुम्हांला कळलं असणार.

हे तुम्हांला पोचणार नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. सकाळी बसले तेव्हा मी पहिली दोन वाक्यं जर्मनमध्ये लिहिली होती. इतक्या वर्षांनी तीच भाषा आधी हाताखाली येते. मग ती खोडली आणि मराठीत सुरू केलं. स्वतःला सांगितलं, पप्पांना जर्मनमध्ये कसं लिहायचं? पण तुम्हांला जर्मन येत होतं, इथेच शिकला होतात. खरं कारण दुसरं आहे. लेकीला देवनागरी वाचता येत नाही. मी हे कागद झाकलेसुद्धा नाहीत. जेवणाच्या टेबलावर, तिच्या दप्तराशेजारी, उघडेच पडले आहेत.