वाटून घेतलेल्या गोळ्या

५ ऑगस्ट

औषधाच्या चाचणीत घेतलं मला! हृदय तीस टक्केच चालतं — म्हणून पात्र. इतक्या कमी मार्कांत पास होण्याची ही पहिलीच वेळ.

युरिक अॅसिड कमी करणारी गोळी थकलेल्या हृदयालाही उपयोगी पडते का, ते बघणार आहेत. निम्म्यांना खरी, निम्म्यांना पिठाची. दिसायला सारख्या. कोणाला कोणती, हे बंद लिफाफ्यांत; तपासणाऱ्या डॉ. रागिणींनाही माहीत नाही.

"आई, तू उंदीर आहे काय?" — विपुल. असेन. कागद वाचून सही करणारा उंदीर!

२ सप्टेंबर

उरलेल्या गोळ्या मोजून घेतल्या, नवी डबी दिली. दवाखान्याच्या बाकावर परतवाड्याच्या कौशल्याबाई भेटल्या, त्याही या चाचणीतच. त्यांची भाकर, माझी भाजी.

माझ्या पायांची सूज उतरली. त्यांची तशीच. "बाई, तुमचीच खरी हाये. मले पीठ देऊन राहिले."

उरलेली भाजी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

३० सप्टेंबर

केलं! नव्या डब्या मिळाल्याबरोबर दोन्ही पदरात ओतल्या, कालवल्या, अर्ध्या अर्ध्या भरल्या. संख्या तेवढीच — पकडणार कोण?

"काहून सोताचं नुकसान करता, बाई?"

गप बसवलं. एकटीने डबा खाणाऱ्या पोरींना मी वर्गाबाहेर उभं करत असे.

सही करून दिलेला शब्द मोडला, माहीत आहे. पण एकीला औषध, एकीला पीठ, आणि दोघींनी शेजारी बसून जेवायचं? मला मान्य नाही!

२८ ऑक्टोबर

मी दोन जिने न थांबता चढले. म्हणजे अर्धीसुद्धा पुरते! कौशल्याबाईंना मात्र बसस्टँडवरून चालवलं नाही. आज पुन्हा वाटल्या.

४ नोव्हेंबर

कौशल्याबाई भरती. दम लागून.

डॉ. रागिणींसमोर उभी राहिले, सगळं सांगितलं. "मनकर्णाबाई, काय करून ठेवलं हे! गोळी उपयोगी आहे की नाही, हेच तर शोधतोय आपण!"

"मला काढून टाका. पण लिफाफे उघडा, आणि माझी गोळी त्यांना पूर्ण द्या."

मान खाली घातली नाही.

५ नोव्हेंबर

लिफाफे उघडले. पिठाची माझी होती. खरी त्यांची. महिनाभर त्यांच्या वाटची अर्धी मी खाल्ली.

त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. मीच सांगणार.

आज बऱ्या आहेत. निरोप आलाय — "बाईले म्हणा, उद्या डबा घेऊन या."