तपासणाऱ्याची सही

२८ मार्च, शुक्रवार

उठली! हिरामावशी उठली — गुडघ्यावर हात न टेकता, शेजारच्या गाळेवालीला हाक न मारता. दांडा मागे ओढला, पाट वर आला आणि मावशी उभी. मंडईतल्या चार बायकांनी टाळ्या वाजवल्या. पाचवी म्हणाली, आता बसून दाखव.

बसलीसुद्धा.

तीस वर्षं ती त्या ओट्यावर मांडी घालून लिंबं, आलं, मिरच्या विकतेय. गुडघे कामातून गेले. उठायचं तर कुणीतरी काखेत हात घालून उचलायला लागतं, म्हणून मावशी दिवसभर पाणीच पीत नाही. आमच्याच गल्लीत राहते, विश्रांतवाडीला. गेल्या उन्हाळ्यात आईशी बोलताना तिने हे हसत हसत सांगितलं आणि मी वर्गातल्या शुभंकरला सांगितलं. त्यातून आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट निघाला — उठता पाट. चार वर्षं डिझाइन इंजिनिअरिंग शिकून केलेली पहिली वस्तू, जी कुणाच्या तरी कामाची आहे.

शुभंकरने तिथूनच पुसदला आईला फोन लावला. "उठली नं माय, खरंच उठली." मी कोथिंबिरीच्या ढिगाकडे बघत राहिले. रडू येत होतं, त्याला दिसायला नको होतं.

आता परीक्षेपर्यंत मावशीने वापरायचा. मी रोज विचारायचं आणि रिपोर्टात लिहायचं.

३० मार्च, रविवार

पाडवा. मावशीला विचारलं, पाट कसा आहे? म्हणाली, झ्याक. लिहिलं — तक्रार नाही.

२ एप्रिल, बुधवार

कपाट आवरताना पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या शीटांची गुंडाळी सापडली. कडा पिवळ्या पडल्यात. टाकवेना.

जीटी! ग्लास ट्रेसिंग. दुसऱ्याची शीट काचेवर चिकटवायची, तिच्यावर आपली कोरी, मागून उजेड — आणि गिरव. लोक काचेखाली बल्ब लावायचे. मी आमच्या गॅलरीच्या दाराच्या काचेवर करायची, सकाळच्या उन्हात. आईला वाटायचं पोरगी उभ्याने अभ्यास करते.

तेव्हा शुभंकर म्हणजे फक्त 'का'ऐवजी 'काऊन काऊन' करणारा यवतमाळकडचा मुलगा. अक्षर चांगलं म्हणून त्याची शीट मागून आणली. तो एक तुटक रेघ काढायला विसरला होता. मीही ती इमानेइतबारे विसरले. शैला मॅडमनी दोन्ही शीटा एकमेकींवर ठेवून खिडकीशी धरल्या. "एकाच आईची दिसतात." शिक्षा दोघांना — तीन वेळा नव्याने काढा. त्याला खरं तर का? त्याने तर स्वतः काढली होती. पण तो नवी शीट लावून बसला. तीन दिवस पाच वाजेपर्यंत ड्रॉइंग हॉलमध्ये बसलो आणि दोस्ती झाली ती झालीच.

मग रविवारी बुधवार पेठ. एक छोटी मोटर घ्यायला जायचं आणि अकरा दुकानं हिंडायची. दुकानदार विचारायचे, घ्यायचीय की नुसतीच ओळख करून घ्यायचीय? नंतर अमृततुल्याच्या बाकावर चहा आणि भांडण. तो म्हणायचा, वस्तू आधी टिकली पाहिजे. मी म्हणायची, आधी कुणाला तरी हवी पाहिजे. एकदा मालकानेच सांगितलं, बाकीच्या गिऱ्हाइकांनाही बसायला हवंय. आता महिना राहिला. मग तो चाकणला नोकरीला, मी कुठे कोण जाणे. त्या कळकट बाकासाठी एवढा जीव तुटेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षापासून सगळं कॉम्प्युटरवर आलं. गिरवणं संपलं, नवी चाल सुरू झाली. प्रत्येक शीटखाली दोन नावं लागतात — ड्रॉन बाय, चेक्ड बाय. काढणारा आणि तपासणारा. वर्गात ठरूनच गेलंय, तू माझ्यावर कर, मी तुझ्यावर करते. तीन सेकंद. एकदा तर जिन्यात त्याच्याच पाठीवर कागद ठेवून सही ठोकली. लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा लोक एवढ्या विश्वासाने करत नसतील.

४ एप्रिल, शुक्रवार

आमचं नाव लागलं! बाहेरच्या पाहुण्यांसमोर मांडायला वर्गातले तीन प्रोजेक्ट निवडलेत, त्यात उठता पाट. सोळा तारखेला. शुभंकरचे आईवडील पुसदहून येणार. आई पहिल्यांदाच पुणं बघणार म्हणून तो विचारत होता, शनिवारवाडा दाखवू का. म्हटलं, बाहेरून दाखव. आत नेलंस तर विचारतील, वाडा कुठाय.

७ एप्रिल, सोमवार

रिपोर्टात शीटा लावत होते. सहावी शीट — पिन. दांडा जिच्यावर फिरतो ती. जाडी आठ मिलिमीटर.

माझ्याच हिशेबात, पान एकतीस, चौदा.

तीनदा बघितलं. कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. आम्ही आधी अर्ध्या मापाचं छोटं मॉडेल केलं होतं. शुभंकरने त्याचीच फाइल उघडून नव्या नावाने ठेवली, सगळी मापं वाढवली आणि पिन राहून गेली. भोकंही आठचीच. सगळं एकमेकांत छान बसलंय, म्हणून जोडताना काही खटकलं नाही.

खाली — ड्रॉन बाय शुभंकर. चेक्ड बाय शर्मिला. झोकदार सही आहे माझी.

मावशी चौसष्ट किलो. ही पिन वाकणार. कधी, ते सांगता येत नाही. ओटा जमिनीपासून अडीच फूट आणि खाली फरशी.

गेल्या वर्षी एथिक्सच्या पेपरात मला शंभरपैकी ब्याऐंशी होते. 'वापरणाऱ्याची सुरक्षितता सर्वप्रथम' यावर दीड पान लिहिलं होतं.

८ एप्रिल, मंगळवार

मंडईत गेले नाही. संध्याकाळी मावशीच्या घरीही गेले नाही. सोळा तारीख जाऊ दे, मग बघू, असा विचार दिवसभर मनात होता. लिहून ठेवते. नाहीतर उद्या म्हणेन, असं मी कधी म्हणालेच नव्हते.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी पहिल्या बसने मंडई. मावशी पाटावर बसलेली, डावा हात खांबाला घट्ट. म्हटलं, हात का गं धरलायस? म्हणाली, सवय. मी तिला उठवलं, पाट उलटा केला. पिन वाकलेली. केळ्यासारखी.

मग खरं बाहेर आलं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दांडा कुरकुरत होता. मग अडकायला लागला. दोनदा पाट अर्ध्यावरून धप्पकन खाली आला. एकदा कंबरेत लचकली. आणि मी रोज विचारत होते, ती रोज 'झ्याक' म्हणत होती.

"सांगितलं का नाहीस, मावशी?"

"तुझा पेपर हाय नव्हं? मी नाव ठेवलं तर तुझं मार्क जातील."

मी तिथेच मिरच्यांच्या पोत्यावर बसून रडले. मावशीच मला समजावत होती. तुमचं यंत्र चांगलंच हाय, माझं वजनच मेलं जास्त. पाट रिक्षात घालून घरी आणला. तिला पुन्हा उठवायला आता शेजारीण.

१० एप्रिल, गुरुवार

सुट्टी. बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच जड गेलं. म्हणाले, लहानपणापासून विहारात पंचशील म्हणतेस. चौथं काय आहे? खोटं बोलणार नाही. मग न बघता 'बघितलं' असं लिहून खाली सही करणं, हे काय आहे?

मला ते कधी बोलणंच वाटलं नव्हतं. सही म्हणजे सही.

शुभंकरला फोन करायला हवा होता. दोनदा नंबर काढला. तो म्हणेल, मुकाट्याने पिन बदलू, माय-बाबा येऊन जाऊ दे. आणि मी हो म्हणेन. मला माझी खात्री नव्हती, म्हणून नाही केला.

११ एप्रिल, शुक्रवार

आधी वर्कशॉपमध्ये गेले. दीनानाथ काकांनी पिन बनवली होती. वाकलेली त्यांच्या हातात दिली. बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिले. म्हणाले, मला तेव्हाच बारीक वाटली होती.

"मग विचारलं का नाहीत?"

"खाली तुझी सही होती."

तिथून सरळ शैला मॅडमकडे, आमचा प्रोजेक्टही त्यांच्याकडेच आहे. पिन टेबलावर ठेवली आणि बोलत सुटले. काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. ड्रॉइंग शुभंकरचं, चूक त्याच्या फाइलमधली, मी फक्त सही केली. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "फक्त सही. सही म्हणजे ऑटोग्राफ नव्हे, शर्मिला." मग मी म्हणाले, वर्गात सगळेच करतात मॅडम, आम्ही दोघंही एकमेकांच्या शीटा कधीच बघत नाही. तोही माझ्या बघत नाही.

त्यांनी शुभंकरला बोलावून घेतलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने पिन उचलून बघितली. पहिला प्रश्न त्याने मला विचारला, मावशी बरी आहे ना? मग मॅडमनी त्याला विचारलं, तूही हिच्या शीटा न बघताच सही करतोस?

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो मॅडम. नाही बघत."

सोळाच्या निवडीतून आमचं नाव काढलं. दोघांचे मार्क सारखेच कापणार. नवी पिन करा, त्याच दिवशी परीक्षेला साधं मांडा. आणि मावशीच्या सगळ्या तक्रारी रिपोर्टात आल्या पाहिजेत, तिच्या शब्दांत.

१२ एप्रिल, शनिवार

कॅन्टीनच्या मागे भेटला. भांडायची तयारी करून गेले होते. तो भांडला नाही. सांगितलंस ते बरोबरच केलंस, म्हणाला. मावशी पडली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं. मग विचारलं,

"पण आधी मला का नाही सांगितलंस?"

तू लपवायला लावशील असं वाटलं, असं मी खरं ते सांगून टाकलं. त्याने मान हलवली आणि गेला. चार वर्षांत पहिल्यांदा 'चल' म्हणाला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. गल्ली निळी, ढोल, दारोदार खीर. दरवर्षी शुभंकर येतो, दोन वाट्या खातो आणि आईला तिसरी मागतो. आईने त्याची वाटी काढून ठेवली होती. संध्याकाळी मीच खाल्ली.

१६ एप्रिल, बुधवार

चौदाची पिन बसवून पाट परीक्षकांसमोर मांडला. पाहुणे नाहीत, टाळ्या नाहीत, वर्गातला कोपरा. मावशी स्वतः आली होती. सहा वेळा उठली-बसली. मग परीक्षकांना बजावलं, आता पोरांनी बरोबर केलंय, मार्क द्या.

शुभंकरचे आईवडील तरीही आले. तिकिटं काढलेली होती. त्याने त्यांना सगळं सांगितलं असणार. मला वाटलं बोलणार नाहीत. पण त्याच्या आईने माझा हात हातात घेतला. "हा तुझ्याबद्दल लय सांगते. म्हणते, तिच्यासारखं डोकं कोणाचं नाही." शुभंकर पलीकडे पाटाचे नट आवळत होता. आवळलेलेच होते.

निघताना मी 'सॉरी' म्हणाले. तो 'हं' म्हणाला. बुधवार पेठेतला तो बाक आठवला. वाटलं, चूक दोघांची होती, हळूहळू दोघंही विसरू.

१७ एप्रिल, गुरुवार

दीनानाथ काकांनी आमच्या शीटांचा गठ्ठा परत दिला. वर्कशॉपला गेलेल्या सगळ्या प्रती, तीन वर्षांच्या. माझ्या तेवीस. त्यातल्या अकरा शीटांवर लाल पेन्सिल, शुभंकरचं अक्षर. 'भोक दोन मिमी खाली.' 'ही कड टोचेल, गोल करा.' 'वजन धरलेलं नाही, पट्टी जाड घ्या.' आणि प्रत्येक शेऱ्याखाली त्याची सही.

काकांना विचारलं. म्हणाले, दर शीटला यायचा. तिला सांगू नका म्हणायचा, चिडते. "म्हणून तर मला वाटायचं, तूही त्याच्या तशाच बघत असशील."

मॅडमनी विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघून 'नाही बघत' म्हणाला होता.