बायका आपण होऊन जातील

भवानी पेठ, सोलापूर
४ मार्च १९७४

चि. हिंदुराव यास आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गिरणीचं जे पाळणाघर मी निवृत्त होईपर्यंत सांभाळलं, त्याला तू मुंबईच्या हेड ऑफिसात बसून कुलूप घातलंस. दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी, आणि आत एक गवंडी नाही! आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदरने असल्या थापेबद्दल तुला बाकावर उभं केलं असतं.

सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडी खात्यातली अक्कम्मा आता तान्ह्या तिप्पण्णाला अफूची बाळगोळी चाटवते आणि बाहेरून कडी लावून कामावर येते. मी रागावले, तर म्हणाली, पोरगं निवांत झोपतंय की बाई, काम सोडून खाऊ काय? माझ्याकडे आणून सोड म्हटलं, तर भवानी पेठ तिला उलट्या वाटेला. भोंगा चुकला की गेटवरूनच परत.

कुलूप काढ. लोभाचं त्यानंतर बघू.

विजयमाला

मुंबई
९ मार्च १९७४

ती. आत्यास हिंदुरावचा शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. ही स्ट्रॅटेजी आहे. पुढे पाच वर्षांनी गिरणी कुठे असावी ते आज ठरवायचं आणि माणसंही त्या बेताने ठेवायची. नवी यंत्रं आली की कांडी खात्यात इतक्या बायका लागणार नाहीत. काढून टाकलं तर संप, कोर्ट, भरपाई. पाळणाघर बंद असलं की लेकुरवाळ्या आपण होऊन जातील. कुणाला दुखवायचं नाही, हाच त्यातला विचार. माणूस हीच गिरणीची खरी संपत्ती, असं आम्हाला मॅनेजमेंटच्या कोर्सात पहिल्याच दिवशी शिकवलं.

गुडघ्यांना तेल लावत जा. लोभ कमी करू नये.

तुझा हिंदुराव

सोलापूर
१३ मार्च १९७४

चि. हिंदुराव यास आशीर्वाद.

संपत्ती कुणी अफू चाटवून झोपवतं का रे? तुझी स्ट्रॅटेजी म्हणजे व्यूह, आणि व्यूह शत्रूसाठी रचतात. इथे शत्रू कोण, पाळण्यातलं पोर?

बायका जाणार नाहीत, गाढवा. त्या गोळी वाढवतील. काल तिप्पण्णा दिवे लागले तरी डोळे उघडेना. अक्कम्मा त्याच्या तळपायांना चिमटे काढत होती, आणि मी, जिने जन्मात कुणाची मनधरणी केली नाही, तुझ्यापुढे पदर पसरते आहे. तुझ्या साहेबाला काय वाटेल ते सांग. कुलूप काढ.

आत्या

मुंबई
१८ मार्च १९७४

ती. आत्यास शि. सा. न.

साहेबांशी भांडलो. हुकूम आजच्या टपालाने गिरणीत जाईल. अक्कम्माला सांग, पोराला घेऊन ये.

हिंदुराव

सोलापूर
२२ मार्च १९७४

चि. हिंदुराव यास,

हुकूम पोचला. पाळणाघर उघडलं.

तिप्पण्णा त्याच्या आदल्या दिवशी गेला. तो उठलाच नाही.

साहेबांना कळव, तुमचा बेत एका ठिकाणी फसला. अक्कम्माने राजीनामा दिलेला नाही. आज पहिल्या भोंग्याला ती कामावर हजर होती. घरी थांबावं असं तिला आता काही उरलेलं नाही.

विजयमाला