तीन दिवसांची लेबलं

मुलुंड, शुक्रवार

प्रिय शकु,

तुझा सकाळचा मेसेज वाचला. 'प्रेमा, अहवाल टाक गं, उद्या अपिलाची मुदत संपते.' खाली हात जोडलेस, ते बघून कसंसंच झालं. गेल्या आठवड्यात दिंडोशीला तुझ्याकडे आले, तर पलंगावर दुपट्यांचा ढीग आणि तू चहात साखर घालायलाच विसरलीस. सात वर्षांचं तुझं ऑनलाइन दुकान वेबसाइटने एका ओळीत बंद केलं: माल वेळेत पाठवला नाही. ते पुन्हा उघडायचं तर एवढंच दाखवायचंय, की पार्सलांवरची पत्त्याची लेबलं काढायचं ते सॉफ्टवेअर तीन दिवस बंद पडलं तेव्हा सगळेच विक्रेते अडकले होते. त्यासाठी तुला माझा त्या तीन दिवसांचा पाठवणुकीचा अहवाल हवाय.

दुपट्याची गोट कशी मुडपायची इथपासून तू मला शिकवलंस. फोटो खिडकीशी काढ, रागावलेल्या गिऱ्हाइकाला आधी 'सॉरी ताई' लिही. सॉफ्टवेअर घ्यायची माझी ऐपत नव्हती, तेव्हा मी थेट वेबसाइटवरून एकेक लेबल काढायचे. तू चारचौघींत हसायचीस, 'आमच्या प्रेमाबाई अजून पाट्यावर वाटतात!' प्रदर्शनात कुणी माझं दुपटं उचललं की लांबून ओरडायचीस, 'घ्या हो, माझ्याच हाताखाली तयार झालीय.' तुझ्या मनात वाईट नव्हतं. तेव्हाही मला ते कळत होतं.

सॉफ्टवेअर बंद पडलं त्या मंगळवारी दहा वाजता तुझा फोन आला. 'प्रेमा, तुझं चालतंय का गं? माझ्याकडे नुसतं चक्र फिरतंय.' मी म्हटलं, 'छे गं, माझीपण वाट लागलीय.' तू विचारलंस, 'तुझ्या त्या जुन्या पद्धतीने, वेबसाइटवरून निघतील का लेबलं?' मी म्हटलं, 'वेडी आहेस का? सॉफ्टवेअर सुरू झालं की तीच लेबलं पुन्हा निघतील, डबल दंड बसेल. गप बस, सगळ्यांचंच बंद आहे, कुणाला काही करत नाहीत.' मग तू म्हणालीस, 'तुझ्याकडे तो आवाज कसला?' मी म्हटलं, 'चटणी वाटतेय.'

तो प्रिंटर होता, शकु. तुझ्याशी बोलता बोलता थेट वेबसाइटवरून माझी नऊ लेबलं निघाली. बुधवारी आणि गुरुवारीही तू फोन केलास, आणि दोन्ही वेळा मी तुला थांबायला सांगितलं. माझं एकही पार्सल उशिरा गेलं नाही. दुपटी शोधताना आधी तुझं दुकान दिसायचं, आता माझं दिसतं. तुझ्याकडे शिवणारी जया सोमवारपासून माझ्याकडे येते. चांगला हात आहे तिचा. तुझी आठवण काढते.

एकदा वाटलं होतं, तुला खरं सांगावं. आपल्यासारखीच दुपटी विकणारी बोरिवलीची इरावती त्या तीन दिवसांत खरोखर अडकली होती. तिचा अहवाल जोडला असतास तर तुझं अपील बहुतेक मान्य झालं असतं. पण तू मलाच विचारत राहिलीस, आणि मी रोज 'पाठवते गं' म्हणत राहिले. कालही तू लिहिलंस, 'तुझा आधार आहे म्हणून उभी आहे.' ते मी दोनदा वाचलं आणि हे लिहायला बसले. दुकान का गेलं, ते तुला माझ्याकडूनच कळावं. अहवाल सोबत जोडला आहे. प्रत्येक ओळीपुढे 'वेळेत' असं छापलंय, नीट बघ. फोनवर पाठवला असता तर लगेच मिळाला असता, आणि तू इरावतीकडे धावली असतीस. म्हणून हे साध्या टपालाने पाठवते आहे. सोमवारच्या आत तुला मिळणार नाही.

तुझीच,
प्रेमा