चाळिसावी मेख

कारेगाव, ता. शिरूर

प्रिय गिताआत्या,

परवा फोनवर तू 'बरी हाईस ना?' विचारलंस आणि मी 'व्हय' म्हणाले. ते खोटं होतं, म्हणून हे लिहितेय.

आमचं ऑफिस साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीच्या नोंदींचा प्रोग्राम चालवतं. त्याचे सर्व्हर भाड्याचे. हंगाम संपला की ते काढून टाकायचे. पण सर्व्हर काढला तरी त्याची डिस्क, म्हणजे नोंदी साठवायची जागा, मागे राहते. 'सोबत डिस्कही काढा' यावर खूण केली नाही, तर तिचं भाडं चालूच राहतं. तुला हे लगेच कळेल. मेंढरांभोवतीची जाळी सोडली की मेखा उपटून पोत्यात टाकायच्या, चाळीस भरल्याशिवाय घोडं हलवायचं नाही, हे तूच शिकवलंस. शाळेआधी मी अंक शिकले ते त्या मेखांवर.

यंदा सात डिस्क मागे राहिल्या. चार महिन्यांचं बिल आल्यावर मालक बापूसाहेब मला म्हणाले, "पोरी, समदी चूक माझी, असं लिहून दे. नोकरी जाणार न्हाई." त्यांचा भाचा सत्यजीत खुर्चीत झुलत म्हणाला, "मेंढरांमागं फिरणाऱ्यांना डिस्क काय कळणार, मामा?" कोणता सर्व्हर कोणी काढला, ती यादी मी सगळ्यांसमोर उघडली. सहा सत्यजीतनं काढलेले, एक मी. नोंदी पुन्हा लागतील या धास्तीनं मी ती डिस्क मुद्दाम ठेवली आणि मग विसरले. तेवढंच लिहून दिलं: एक माझी, सहा माझ्या नाहीत. बापूसाहेबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मी तो पुन्हा त्यांच्याकडे सरकवला. दुसरा लिहिला नाही, लिहिणारही नाही. सोमवारी आत घेतात की दारातूनच परत पाठवतात, ठाऊक नाही. भीती वाटतेच, पण जाणार आहे.

आता तुझं-माझं. मी लहान असताना पाटसजवळच्या रानात आपली एक मेख राहिली, ट्रॅक्टरचं टायर फाटलं, शेतकरी भांडत पुढच्या तळावर आला. आबांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "माझ्याच हातनं राहिली." त्या दिवसापासून मेखा म्हाळूकाका मोजायला लागला आणि तुझ्यावर पुन्हा कुणी काहीच सोपवलं नाही. आत्या, त्या दिवशी मोजायचं तू माझ्यावर सोडलं होतंस, आणि पोत्यात एकोणचाळीसच होत्या. शेवटची बाभळीच्या काट्यांत होती, मला घोड्यावर बसायची घाई होती आणि मी चाळीस म्हणाले. तुला ते तेव्हाच कळलं होतं ना? दुसऱ्याच्या सहा नाकारताना माझी ही एक तुझ्या नावावर ठेवणं मला जमेना. रविवारी दौंडला तळावर येतेय. आबांना मीच सांगणार आहे, सगळ्यांसमोर. तू मधे बोलायचं नाही.

तुझीच,
मेखा चुकवणारी
प्रतिभा